झाडाने केलेली माती

खडक झिजून माती होते, हे आपण शाळेत शिकलो. पण नुसता खडकाचा चुरा म्हणजे काही माती नव्हे. त्या चुऱ्याची माती व्हायला झाड लागते. हे नीट पाहायचे तर अलास्कातल्या ग्लेशियर बे या खाडीकडे जावे लागेल.

मुलूख डोंगराळ, हवा थंड, पाऊस वर्षाकाठी ७० इंचांच्या आसपास. १७९४ साली कॅप्टन व्हँकूव्हरची माणसे तेथे आली, तेव्हा खाडीच्या तोंडाशीच बर्फाची भिंत उभी होती. १९१६ पर्यंत ते बर्फ सुमारे १०० किलोमीटर मागे हटले. त्यामुळे कोणती जमीन केव्हा उघडी पडली, हे तेथे सांगता येते. मातीचे वय मोजायला आणखी काय हवे?

उघडे पडतात ते गोटे, रेती आणि चुनखडीचा भुगा. नत्राचे नाव नाही. अशा जागी आल्डर नावाचे झुडूप येते. भुईमूग उपटला म्हणजे मुळांवर गाठी दिसतात ना? तशा गाठी यालाही असतात. आतले जंतू निराळे, पण काम तेच, हवेतला नत्र धरण्याचे. पाने गळली, कुजली, की तो जमिनीत उतरतो. क्रॉकर व मेजर या शास्त्रज्ञांनी १९५५ साली मोजणी प्रसिद्ध केली. प्रारंभी जमिनीचा सामू ८ च्या घरात असतो, आणि आल्डरखाली तो चाळीसेक वर्षांत ५ पर्यंत उतरतो. म्हणजे चुनखट जमीन एका माणसाच्या हयातीत आंबट झाली! शिक्षक मंडळींनी हे आकडे फळ्यावर जरूर मांडावेत.

या नत्रावर पुढे स्प्रूस पोसतो, उंच होतो आणि आल्डरलाच सावलीत मारतो. त्याची सुईसारखी पाने थंडीमुळे लवकर कुजत नाहीत. आपल्या कोकणातला पाचोळा पावसाळ्यात विरून जातो, तेथे त्याची गादी साचते. तिच्यातून झिरपणारे आंबट पाणी वरच्या थरातले लोह विरघळवून खाली नेते. शेकडो वर्षांनी वर राखेच्या रंगाचा थर उरतो, खाली तांबूस. या मातीला पॉडझॉल म्हणतात; शब्द रशियन, अर्थ 'राखेखालची'. कुठे कुठे लोहाचा थर कठीण होतो, पाणी तुंबते, शेवाळ माजते आणि झाडे खुरटतात. वादळात झाड मुळासकट उलथले, तर तेवढ्या जागेची नांगरट होऊन माती पुन्हा मिसळते.

आल्डरचा एक भाऊबंद आपल्या हिमालयातही आहे. नेपाळीत त्याला उतीस म्हणतात. नागालँडमधल्या खोनोमा गावचे शेतकरी तो मुळापासून तोडत नाहीत. पुरुषभर उंचीवर छाटतात, बुंधा राखतात आणि मधल्या जागेत पीक घेतात. बुंध्याला पुन्हा फांद्या फुटतात.