तेरा प्रयोगांचे स्वप्न



शेक्सपिअरला मराठी अंगरखा चढविण्याची आपल्याला जुनी सवय आहे. देवलांनी ऑथेल्लोचा झुंझारराव केला आणि आपण तो आपलाच मानला. तेव्हा १९३९ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'मिडसमर नाइट्स ड्रीम' जॅझच्या तालावर नाचले, यात आम्हांला काही अब्रह्मण्यम् वाटत नाही.

'स्विंगिंग द ड्रीम' हे त्या संगीत नाटकाचे नाव. अथेन्सच्या जागी १८९० चे न्यू ऑर्लिन्स, म्हणजे जॅझचे माहेरच! राजा थिसियसचा झाला लुइझियानाचा गव्हर्नर. गाढवाचे डोके लाभणारा बॉटम कोण, तर साक्षात ल्यूई आर्मस्ट्राँग. परीराणी मॅक्सिन सलिव्हन, खोडकर पक बटरफ्लाय मॅक्क्वीन. बेनी गुडमनचे सहा वादक दिमतीला आणि त्यांत गिटारवर चार्ली ख्रिश्चन! एवढा जामानिमा असूनही २९ नोव्हेंबरला सुरू झालेले हे नाटक अवघ्या १३ प्रयोगांत आटोपले.

का? एक तर सेंटर थिएटर अवाढव्य. तीन हजारांवर खुर्च्या. त्या रोज भरायच्या कशा? पण आमच्या मते खरे दुखणे निराळे होते. आर्मस्ट्राँगच्या वाट्याला संवाद आले आणि ट्रंपेट मात्र जेमतेम. शेक्सपिअर फार, स्विंग थोडा, अशी टीकाकारांची कुरकुर होती. बालगंधर्वांना रंगभूमीवर आणावे आणि पदे कापून टाकावीत, तसलाच हा प्रकार!

शिवाय गव्हर्नर नि प्रेमी जोडपी गोरी, पऱ्या नि कारागीर काळे. दोन्ही वर्णांचे नट एका नाटकात आणणे हे त्या काळी धाडसच होते, ते नाकारू नये. पण कथानक एकाकडे आणि गाणे दुसऱ्याकडे अशी वाटणी झाल्यावर नाटक एकजीव व्हावे कसे?

संहिता बहुतेक हरवली. कारागिरांच्या नाटुकल्याची काही पाने तेवढी उरली. तेवढ्या आधारावर २०२१ साली इंग्लंडच्या रॉयल शेक्सपिअर कंपनीने इतर संस्थांच्या साहाय्याने त्याची मैफलवजा उजळणी केली. थिएटर तर १९५४ मध्येच पाडले गेले होते.

मात्र जिमी व्हॅन ह्यूसेनची एक चाल तगली. 'डार्न दॅट ड्रीम' हे त्या गाण्याचे नाव. गुडमनच्या वाद्यवृंदासह मिल्ड्रेड बेलीने गायिलेली त्याची तबकडी १९४० साली अमेरिकेत अतोनात खपली, आणि पुढे माइल्स डेव्हिससारख्यांनीही ते गाणे उचलले. ते ऐकणाऱ्यांपैकी कितीकांना ठाऊक असेल, की ते गाढवाच्या डोक्याच्या नाटकातून आले आहे!