चालकाची न्यायालयीन नोंद

जिंतुरातील पालक शाळेच्या जीपचालकाचा परवाना पाहतील. न्यायालयीन नोंद मात्र कोण पाहतो? ती गुप्त नसते. ई-न्यायालयाच्या संकेतस्थळावर परभणी जिल्हा व जिंतूर न्यायालय निवडून पक्षकाराचे नाव आणि वर्ष भरले, की खटले दिसतात. त्यांत मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १८५ शोधावे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास हे कलम लागते. २०१९ च्या सुधारणेनंतर पहिल्याच अपराधाला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही!

परंतु एकाच नावाची माणसे तालुक्यात कितीतरी. शिवाय दाखल झालेला खटला म्हणजे सिद्ध झालेला अपराध नव्हे. निर्दोष चालकाची भाकरी हिरावली जाऊ नये, यासाठी निकालपत्रातील वडिलांचे नाव, वय, पत्ता ताडून पाहावा. प्रमाणित प्रतीसाठी न्यायालयाच्या नक्कल विभागात रीतसर अर्ज करावा.