‘आयोन’ : आयुष्यापासून अनंतापर्यंत



बायबलच्या नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक. तीत ‘आयोन’ हा एक कालवाचक शब्द आहे. संस्कृत ‘आयुस्’ त्याचा सगोत्र. म्हणजे आपले ‘आयुष्य’ त्याच कुळातले. होमरच्या काव्यात त्याचा अर्थ प्राण, जीवितकाल असा होता. पुढे तो ‘युग’ झाला. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात हिब्रू ‘ओलाम’साठी तो योजला गेला आणि त्यात अतिदूर काळाची छटा मिसळली.

व्याकरणदृष्ट्या हे पुल्लिंगी नाम असून त्याचे अनेकवचनही होते. ‘युगांची युगे’ अशी षष्ठीयुक्त रचना नव्या करारात वारंवार येते. आपले ‘युगानुयुगे’ याच वळणाचे.

‘आयोनिओस’ हे त्याचे विशेषण. ‘युगा’वरून ‘युगीन’ व्हावे तसे. खरा वाद याच्याभोवती आहे. मत्तयाच्या २५व्या अध्यायातील ४६व्या वचनात ‘शिक्षा’ आणि ‘जीवन’ या दोन्ही नामांना हेच विशेषण लागले आहे. पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने प्रतिपादिले, की एकाच वाक्यात एका शब्दाचे दोन अर्थ करणे युक्त नव्हे. जीवन अनंत, तर शिक्षाही अनंत. परंतु रोमकरांस पत्राच्या १६व्या अध्यायात हेच विशेषण २५व्या वचनात सरून गेलेल्या काळाला, तर २६व्या वचनात साक्षात देवाला लागते. म्हणजे त्याची व्याप्ती विशेष्यानुसार बदलते. ऑगस्टीनचे मत याने खोटे ठरत नाही. पण केवळ या विशेषणाच्या बळावर ते सिद्धही होत नाही.

मराठी बायबलात ‘सार्वकालिक’ हा शब्द रूढ आहे. तो वाचताना एवढा विवेक जागा ठेवावा, ही विनंती.