विजेची मोटार आणि वाटेवरची पाणपोई

(नभोवाणीवरील भाषण)

लांबच्या प्रवासास निघणारा जुन्या काळचा वाटसरू दोन गोष्टींची चौकशी आधीं करीत असे : मुक्काम कोठें पडेल, आणि पाणी कोठें मिळेल. बैलांना पाणी मिळालें तरच गाडी पुढें जाणार, हें त्याला पक्कें ठाऊक होतें. अहिल्याबाई होळकरांनीं अठराव्या शतकांत ठिकठिकाणीं विहिरी खोदविल्या, घाट व धर्मशाळा बांधविल्या. त्यांचें मोल त्या वाटसरूला कोणी समजावून सांगावें लागत नव्हतें. पुढें पेट्रोलची मोटार आली, हमरस्त्यांवर जागोजाग पंप उभे राहिले, आणि ही चौकशी माणूस विसरून गेला. आतां विजेच्या मोटारीनें ती त्याला पुन्हां करावयास लाविली आहे. हें संकट समजावें कीं शिक्षण समजावें, याचा थोडा विचार येथें कर्तव्य आहे.

श्रोत्यांनीं असें समजावें कीं, पुण्यांतील एक कुटुंब गोव्यास निघालें आहे. घरांत ऐंशी वर्षांची आजी आहे. तिचें कुलदैवत मंगेशीस. पाय पुरते थकण्यापूर्वीं एकदां तें दर्शन घडावें, एवढीच तिची इच्छा. आगगाडीच्या स्टेशनावरचे जिने तिला चढवत नाहींत, विमानतळावरची चाल तिला सोसवत नाहीं. मुलानें नुकतीच विजेवरची मोटार घेतली आहे. ज्या उंच व ऐसपैस जातीला हल्लीं एस. यू. व्ही. म्हणतात, त्या जातीची. तींत बसतांना आजीला फारसें वांकावें लागत नाहीं. म्हणून प्रवास मोटारीनें करण्याचें ठरतें. परंतु आदल्या रात्रीं आजी विचारते, "अरे, बैल दमला तर त्याच्या तोंडाला फेस येतो. ही तुझी गाडी दमली, तर तें कळायचें कसें?"

मुलगा म्हणतो, "आई, दमण्याच्या पुष्कळ आधीं ती सांगते. ऐकायचें मात्र आपण."

या उत्तरांत विजेच्या मोटारीच्या प्रवासाचें बहुतेक शास्त्र आलें. गाडीची बॅटरी ४५ युनिटांची आहे असें धरावें. युनिट म्हणजे तेंच, जें घरच्या विजेच्या बिलांत दरमहा मोजलेलें असतें. एक लिटर पेट्रोलांत सुमारें ९ युनिटांइतकी ऊर्जा सांठविलेली असते. म्हणजे सुमारें तीनशें किलो वजनाच्या या बॅटरीच्या पोटांत अवघ्या पांच लिटर पेट्रोलाएवढी शिदोरी! तरीहि तेवढ्यावर ही जड गाडी अडीचशें किलोमीटरांच्या वर जाते. याचें कारण असें कीं, पेट्रोलच्या इंजिनांत ऊर्जेचा मोठा भाग, जवळ जवळ पाऊण हिस्सा, उष्णता होऊन वायां जातो. उलट विजेची मोटर मिळालेल्या ऊर्जेच्या दहा भागांपैकीं सुमारें नऊ भाग कामाला लाविते. ही गाडी श्रीमंत नाहीं, काटकसरी आहे. आणि काटकसरीच्या संसाराला हिशेब लागतो.

हा हिशेब घरांतली दहावींत शिकणारी नात मांडते. शंभर किलोमीटरांस १६ युनिटें लागतात. पुण्याहून कोल्हापूर सुमारें २३० किलोमीटर. म्हणजे ३७ युनिटें खर्च होतील आणि ८ उरतील. कागदावर गाडी कोल्हापुरास सुखरूप पोंचते. परंतु खंबाटकीचा चढ, समोरचा वारा आणि वाटेंत पडणारा एखादा वळसा यांच्या नांवें तिनें कांहींच बाजूला ठेविलेलें नाहीं. वडील तिला निराळी रीत सांगतात : बॅटरींतला शेवटचा पांचवा हिस्सा आपला नव्हे, तो वाटेचा समजावा आणि तो सोडून उरलेल्याचा हिशेब करावा. असा हिशेब केल्यावर पहिला थांबा कऱ्हाडास येतो, दुसरा कोल्हापुरास आणि तिसरा सावंतवाडीस.

वेगाचाहि हिशेब आहे. गाडीला वाऱ्याचा होणारा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ८० किलोमीटरांऐवजीं १०० किलोमीटर वेगानें गेल्यास हा विरोध दीडपटीहून अधिक होतो. आणि गाडी जितकी उंच व रुंद, तितकी वाऱ्याशीं झोंबी मोठी. म्हणून घाई करणारास विजेच्या केंद्रावर अधिक वेळ बसावें लागतें, आणि बेतानें जाणारा पुष्कळदां त्याच्याबरोबरच मुक्कामास पोंचतो.

थांब्यावर बॅटरी कांठोकांठ कां भरून घेऊं नये, असा प्रश्न नातीला पडतो. नाटकगृहाचे दरवाजे उघडतांच पहिले प्रेक्षक भराभर जागा धरतात. शेवटच्या प्रेक्षकांना मात्र रिकामी खुर्ची शोधीत फिरावें लागतें. बॅटरींतल्या लिथियमच्या कणांचेंहि असेंच होतें. शेंकडा ८० पर्यंत बॅटरी झपाट्यानें भरते, पुढें तिची गति मंदावते. यासाठीं प्रवासांत एकदांच पोटभर जेवण्यापेक्षां दोनतीनदां फराळ करणें या गाडीला मानवतें. घरीं मात्र गोष्ट वेगळी. तेथें १५ अँपिअरच्या साध्या प्लगवर तासाला सुमारें तीन युनिटें मिळतात. आदल्या सायंकाळीं जोडलेली गाडी सकाळपर्यंत तयार होते.

वाटेंत ऊर्जा संपण्याची ही भीति विजेबरोबर जन्मली, असें मात्र नाहीं. १८८८ च्या ऑगस्टमध्यें जर्मनींतील बर्था बेंझ ही स्त्री आपल्या पतीनें बनविलेली तीन चाकांची मोटार घेऊन, त्याला न सांगतां, मानहाइमहून फोर्झहाइमला आपल्या माहेरीं निघाली. बरोबर पंधरा आणि तेरा वर्षांचे दोन मुलगे होते. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडें अधिक. मोटारींतून इतका लांबचा प्रवास त्यापूर्वीं कोणी केलेला नव्हता, आणि वाटेंत पेट्रोलचा पंप असण्याचा प्रश्नच नव्हता. व्हीसलोख गांवीं तिनें औषधांच्या दुकानांतून लिग्रोइन नांवाचा, डाग काढण्यासाठीं विकला जाणारा द्रव विकत घेतला आणि तो टाकींत ओतला. नळी तुंबली ती तिनें टोपीच्या पिनेनें मोकळी केली. ब्रेकचे ठोकळे झिजले तेव्हां चांभाराकडून त्यांवर चामडें ठोकून घेतलें. चढावर मुलांनीं गाडी ढकलली. संध्याकाळीं ती माहेरीं पोंचली. आज जगांत पेट्रोलचे पंप गांवोगांव दिसतात, त्यांची आद्य जागा तें औषधांचें दुकान होय.

विजेची मोटारहि आजची नव्हे. १८९९ च्या एप्रिलमध्यें कामीय जेनात्झी या बेल्जियन गृहस्थानें पॅरिसजवळ ताशीं १०० किलोमीटरांची मर्यादा प्रथम ओलांडली, ती विजेच्याच गाडींतून. पुढें खनिज तेल स्वस्त झालें, आणि १९१२ मध्यें कॅडिलॅक गाडींत बटणानें इंजिन चालू करण्याची सोय आल्यावर हँडल फिरविण्याचा त्रास गेला. विजेची गाडी मागें पडली. १९९१ मध्यें लिथियम-आयन बॅटरी बाजारांत आली, आणि ती हलकी व टिकाऊ होत गेली, तेव्हां या जुन्या कल्पनेला पुन्हां रस्त्यावर येतां आलें. म्हणजे वाहन पूर्वींहि होतें. उणीव होती ती शिदोरीची आणि वाटेवरच्या सोयीची.

आतां त्या कुटुंबाबरोबर पुढें जाऊं या. सकाळीं सहा वाजतां निघालेली गाडी नवाच्या सुमारास कऱ्हाडास येते. आंकडा शेंकडा ४० वर आहे. अर्धा तास गाडी वीज घेते; तेवढ्यांत आजी हातपाय मोकळे करते आणि चहा घेते. म्हातारपणीं तीन तासांनीं उतरावें लागतेंच. गाडीची गरज आणि आजीची गरज येथें एक होते. याच गांवीं कोयना कृष्णेला मिळते, आणि कोयनेच्या पाण्यावर वरच्या डोंगरांत १९६० मेगावॉट क्षमतेची वीज-योजना उभी आहे. म्हणून गाडींतली सारी वीज पाण्याचीच असें कोणी समजूं नये. भारतांतील विजेचा मोठा भाग अजून कोळशापासून होतो. गाडीच्या मागें धूर नसला, तरी चंद्रपुरासारख्या ठिकाणीं चिमणीला धूर आहे. शहरांतली हवा या गाडीमुळें सुधारते, हें खरें. परंतु तिचें पुण्य पूर्ण व्हावयाचें तें वीज सूर्य, वारा आणि पाणी यांपासून अधिकाधिक होऊं लागेल, तेव्हां.

कोल्हापुरास मात्र प्रसंग येतो. चार्जिंग स्टेशनावर एकच यंत्र चालू, आणि त्याला जोडलेली गाडी केव्हांच भरलेली. मालक जेवावयास गेलेला. गाडीवर दूरध्वनीचा क्रमांक नाहीं. हिंवाळ्यांतलेंहि ऊन माथ्यावर आलें आहे, सावलीला छप्पर नाहीं, बसावयास बांक नाहीं. कुटुंब पाऊण तास तिष्ठत राहतें. गृहस्थ परत येतो तो सावकाश, आणि "दहा मिनिटांनीं काय होतें?" असें म्हणून निघून जातो. काय होतें, तें त्याला दिसत नाहीं. आंबोलीचा घाट उजेडीं उतरावा, असा बेत होता. तो आतां हातचा जावयाची वेळ आली. ऐंशी वर्षांची एक बाई गाडींत बसून उकडते आहे, कारण थंड हवेचें यंत्र चालू ठेवावें तर उरलीसुरली वीजहि जाईल. हा दोष गाडीचा नव्हे, विजेचाहि नव्हे.

दुपारीं दोनला निघालेली गाडी निपाणी, आजरा करीत आंबोलीच्या माथ्यावर येते, तेव्हां उन्हें तिरपीं झालेलीं असतात. पण उजेड असतो. आंकडा खालीं आलेला पाहून आजीच्या चेहऱ्यावर काळजी दिसते. आणि येथें ही गाडी आपला खरा गुण दाखविते. उतारावर चालकानें पाय उचलतांच मोटर उलट काम करूं लागते. चाकें तिला फिरवितात आणि ती वीज निर्माण करून बॅटरींत परत घालते. माणसांसह दोन टनांच्या वर भरणारी गाडी सुमारें सहाशें मीटर खालीं उतरते. चढतांना खर्च केलेल्या श्रमापैकीं कांहीं भाग तिला परत मिळतो. घाट संपतो तेव्हां आंकडा खालीं जाण्याऐवजीं दोनतीन टक्के वर गेलेला असतो. नात टाळ्या पिटते. आजी म्हणते, "म्हणजे उतारावर बैलाला चारा मिळाला म्हणायचा!" ब्रेकहि कमी तापतात, हा वेगळा लाभ. मात्र घाटाच्या माथ्यावर बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर ही परतफेड घ्यावयास जागाच उरत नाहीं, हें चालकानें ध्यानांत ठेवावें.

सावंतवाडीस पुन्हां एक गाडी यंत्राला जोडलेली दिसते. सर्वांचे चेहरे उतरतात. परंतु एक तरुण जवळच उभा असतो. आंत म्हातारें माणूस बसलेलें पाहून तो आपली तार काढतो आणि म्हणतो, "काका, माझें घर येथून पांच मैलांवर. मला पुरे आहे. तुम्ही लावा." आजी त्याला जवळ बोलावून त्याच्या हातावर खडीसाखर ठेवते. तो गेल्यावर ती मुलाला म्हणते, "कोल्हापुरास विहीर भेटली होती; पाणपोई येथें भेटली."

आजीनें केलेला हा भेद लाखमोलाचा आहे. विहीर म्हणजे नुसती सोय. पाणपोईवर सोयीबरोबर पाजणारें माणूस असतें. विजेची मोटार लांबच्या वाटेला लावावयाची, तर यंत्रें वाढलीं पाहिजेत, चालू राहिलीं पाहिजेत, त्यांच्यावर छप्पर, शेजारीं बांक, दिवा आणि स्वच्छ शौचकूप पाहिजे. हें काम सरकारचें, नगरपालिकांचें आणि व्यापाऱ्यांचें. परंतु गाडी भरतांच जागा मोकळी करणें, दूर जावयाचें असेल तर कांचेवर आपला क्रमांक ठेवून जाणें, आपल्याला थोडें पुरत असेल तर लांब जाणाऱ्याला पुढें घेणें, यांना कसलाहि खर्च नाहीं. पेट्रोलच्या पंपावर माणूस दोन मिनिटें थांबत असे, म्हणून तेथें शिष्टाचाराची परीक्षा झाली नाहीं. येथें ती अर्ध्या तासाची आहे.

रात्रीं आठाच्या सुमारास गाडी मंगेशीस पोंचते. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आजी देवळांत उभी राहते. बाहेर आल्यावर मुलगा विचारतो, "आई, काय मागितलेंस?" ती म्हणते, "घरच्यांसाठीं मागितलें तें मागितलें. त्या सावंतवाडीच्या पोराला वाटेंत कधीं अडचण पडूं नये, एवढें जास्त मागितलें."