तक्रारपेटीच्या अलीकडे

मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत ‘महिला विकास कक्ष’ अशी पाटी दिसते. नवी मुंबईतल्या एका कॉलेजात मी अशा कक्षाचं काम पाहते. ८ मार्चला मेंदी-रांगोळीच्या स्पर्धा भरवल्या, की आमचं काम संपलं, अशी पुष्कळांची समजूत असते!

या कामामागचा इतिहास मात्र वेगळा आहे. राजस्थानातल्या भंवरीदेवी सरकारी योजनेत काम करीत होत्या. त्यांनी एक बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला. त्यानंतर १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘विशाखा’ निकाल लागला. २०१३ मध्ये कायदा झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनी कॉलेजच्या तक्रार समितीत विद्यार्थ्यांचे निवडून आलेले तीन प्रतिनिधीही आले.

तरीही तक्रारपेटी बहुधा रिकामीच असते. का बरं? आमच्याकडे मुली मानखुर्द-गोवंडीहून, उरण-पनवेलहून येतात. कुणाचे वडील वाशीच्या मार्केटात माथाडी, कुणाची आई चार घरची धुणीभांडी करते. कॉलेजची पायरी चढलेली घरातली ही पहिलीच. त्रास देणाऱ्यापेक्षा तिला भीती वाटते ती घरी कळण्याची. ‘उद्यापासून कॉलेज बंद’ एवढं म्हटलं, की सगळं संपलं.

अशीच एक मुलगी महिनाभर तास बुडवत होती. वरच्या वर्गातला एक मुलगा स्टेशनपासून तिच्या मागे यायचा. तिने हे सांगितलं ते लोकलच्या लेडीज डब्यातल्या दोन मैत्रिणींना. त्या दोघी रोज तिच्या सोबतीने चालू लागल्या. आठवड्याने तिघी मिळून आमच्याकडे आल्या. अर्ज लिहिताना तिचा हात अडला, तेव्हा समितीतल्या बाईंनी मदत केली. अशी मदत करणं समितीवर बंधनकारकच आहे आणि तक्रारदाराचं नाव जाहीर करायला कायद्याची मनाई आहे. चौकशी झाली, त्या मुलाला समज मिळाली, आणि ही पुन्हा वर्गात येऊ लागली.

पालकांना माझी एकच विनंती आहे. मुलगी असं काही सांगू लागली, तर आधी ऐकून घ्या. कॉलेज बंद केलंत, तर शिक्षा तिलाच होते. आणि मुलींनो, एखादी मैत्रीण एकाएकी गप्प झाली, तर तिची विचारपूस करा, तिला घेऊन कक्षात या. तक्रारीची मुदत तीन महिन्यांची असते. सबळ कारण असेल, तर समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते, हेही लक्षात असू द्या.