मोटारीतल्या सुखसोयी आणि घरची माणसे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी आत चहाच्या बाजूला असते. या वर्षी चिटणीसबाईंनी मला ओढून इथे उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. मला मोटार चालवता येत नाही. तेव्हा भाषणाचा विषय ऐकून "हिला मोटारीतले काय कळते?" असे पुष्कळजणींच्या मनात आले असेल, आणि ते खरेही आहे. इंजिनातले मला काही कळत नाही. पण मोटारीच्या आत आपलीच माणसे बसतात, आणि कोणाला काय सोसते हे घरातल्या बाईला कळायला हवे. मला ते एकदा कळले नाही. त्याचीच हकिकत सांगायला मी उभी आहे.

आमच्या धाकट्या दिरांनी दोन वर्षांपूर्वी एक मोठी मोटार घेतली. द्राक्षांना त्या साली भाव बरा मिळाला होता. गाडी परदेशी बनावटीची, कोणी तरी तीनेक वर्षे वापरलेली. सासूबाईंनी तिला हळदकुंकू लावले, नारळ फोडला, आणि सगळी आळी ती पाहून गेली. आत काय काय होते म्हणून सांगू! सीटच्या कातड्याला बारीक भोके, त्यांतून उन्हाळ्यात गार वारा येतो. बटण दाबले की तीच सीट हिवाळ्यात गरम होते. दुसरे बटण दाबले की पाठ रगडून देते. दार अर्धवट लावले तर उरलेले स्वतःच ओढून घेते. वर काचेचे छप्पर, ते सरकते. भाऊजी एकेक बटण दाबून दाखवीत आणि आम्ही तोंडात बोट घालून बघत असू.

निफाडकडची थंडी तुम्हांला ठाऊक आहे. गेल्या डिसेंबरात पुण्याला नात्यातले लग्न होते. पहाटे पाचला निघालो. सासूबाईंच्या डाव्या अंगावरून वारे गेलेले आहे. उपचारांनी त्या हिंडत्याफिरत्या झाल्या, पण डावी बाजू बधिरच राहिली. शिवाय मधुमेह. त्यांची पाठ थंडीत फार धरते, म्हणून त्यांना पुढच्या सीटवर बसवले, मी मागून हात घालून सीट गरम करण्याचे बटण दाबले, ते सगळ्यात वरच्या आकड्यावर ठेवले, आणि मांडीवरून गोधडी नीट खोचून दिली. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "किती बरं वाटतंय गं पाठीला!" मला धन्य वाटले. संगमनेरच्या आत त्यांचा डोळा लागला. नारायणगावला चहासाठी थांबलो, पण चढउतार त्रासाची म्हणून त्या खाली उतरल्या नाहीत. मी चहा काचेतून आत दिला. पुण्याला पोचायला पावणेपाच तास लागले. एवढा वेळ त्या एकाच जागी, त्याच बैठकीवर होत्या, आणि ते बटण माझ्या ध्यानातच राहिले नव्हते.

रात्री लुगडे बदलताना डाव्या मांडीच्या मागे तांबडा चट्टा दिसला. बसून बसून झाला असेल असे वाटले. दुसऱ्या दिवशी तिथे फोड आला, तिसऱ्या दिवशी फुटला. घरी परत आल्यावर डॉक्टरांनी पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "यांना शेक कोणी दिला?" मी गप्प बसले.

भगिनींनो, आता जे सांगते ते सांगायला मला जड जाते. घरात सगळे भाऊजींच्या गाडीला बोल लावू लागले. जुनी गाडी घेतली, तारा उघड्या पडल्या असतील, फसवणूक झाली, असे आमच्या घरी रोज चाले. भाऊजींनी कामे टाकून गाडी दुरुस्तीला नेली, सीट उघडून तपासून घेतली. सीट चांगली होती. ते परत आले तो चेहरा मला बघवेना. चार दिवस मी ते पाहत होते आणि बोलत नव्हते. शेवटी जेवणाच्या वेळी सर्वांसमोर सांगितले, की बटण मी दाबले, गोधडी मी खोचली, आणि बंद करायचे मी विसरले. कोणी काही बोलले नाही. सासूबाईच म्हणाल्या, "अगं, तू माझ्या पाठीचंच बघत होतीस." ते ऐकून मला जास्तच रडू आले.

ती जखम भरायला दोन महिने लागले. रोज ड्रेसिंगला जाताना मी डॉक्टरांना विचारीत असे, आणि त्यांनी मला जे समजावले ते आपल्या प्रत्येकीला माहीत हवे. भाजायला विस्तवच लागतो असे नाही. १९४७ साली अमेरिकेत मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोघांनी प्रयोग करून दाखवले, की ४४ अंश उष्णता कातडीला एकाच जागी सहा तास लागून राहिली तरी ती भाजते. त्यापुढे एकेक अंश वाढला की लागणारा वेळ जवळजवळ निम्मा होतो. ६० अंशांना पाच सेकंद पुरतात. आपल्यासारखीला चटका जाणवतो, आपण कूस बदलतो, बटण बंद करतो. ज्याचे अंग बधिर आहे त्याला काही जाणवतच नाही. वरून गोधडी घातली की उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. काही गाड्यांत सीट थोड्या वेळाने आपोआप निवते, काहींत निवत नाही. आपल्या गाडीत काय आहे ते तिच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. ती पुस्तिका आमच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीतून निघालीच नव्हती.

बाळंतिणीला शेक देताना आपण शेगडीची धग आधी आपल्या हाताला घेऊन पाहतो. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून देतो. एवढी अक्कल मला होती, पण मोटारीत बसल्यावर ती मी घरी ठेवून आले. मोठ्या पैशाची वस्तू आहे, म्हणजे तीच काळजी घेत असेल, असे मी धरून चालले. आता मला एक गोष्ट पक्की कळली आहे. सुखाची कोणतीही सोय ज्याला "पुरे" म्हणता येते त्याच्यासाठी केलेली असते. ज्याला ते म्हणता येत नाही, म्हणजे बधिर अंगाचे माणूस, तान्हे मूल, औषधाच्या गुंगीत असलेला आजारी, त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी तरी "पुरे" म्हणायला हवे. हे काम बहुधा आपल्याकडेच येते.

म्हणून आमच्या घरी आता काही नेम केले आहेत. सीट उबदार झाली की दहा-पंधरा मिनिटांत बटण बंद. सासूबाईंसाठी ते लावायचेच नाही, त्यांना शाल. पाठ रगडण्याचे बटणही डॉक्टरांना विचारल्यावाचून म्हाताऱ्या, आजारी किंवा गरोदर बाईसाठी लावायचे नाही. तासाभराने गाडी थांबवून त्यांना जरा उभे करायचे.

लेकरांची गोष्ट याहून नाजूक आहे. उन्हात काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीत पहिल्या दहा मिनिटांतच दहा-अकरा अंश उष्णता वाढते. काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. मुलाचे अंग मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाच पट लवकर तापते. तेव्हा "दोन मिनिटांत भाजी घेऊन येते" म्हणून झोपलेले मूल गाडीत ठेवायचे नाही. एसी चालू ठेवूनही नाही, कारण तो बंद पडला तर आतले मूल हाक मारू शकत नाही. घरी असतानाही गाडीला कुलूप असावे आणि किल्ली मुलांच्या हाती लागू नये. खेळता खेळता पोरे आत जाऊन अडकतात.

आपोआप वर जाणाऱ्या काचेत मुलाचा हात किंवा मान सापडू शकते. अडथळा आला की काच खाली येण्याची सोय असते, पण तिच्या भरवशावर राहू नये. मागच्या काचा बंद ठेवण्याचे बटण चालवणाऱ्याजवळ असते, ते दाबूनच निघावे. ओढून घेणाऱ्या दाराशी बोटे जाऊ देऊ नयेत. विजेवर सरकणारी सीट मागे घेण्याआधी मागे कोणाचे पाय आहेत का ते बघावे. छपरातून डोके बाहेर काढून उभे राहण्याची मुलांना फार हौस असते. ती मी पहिल्याच दिवशी मोडली, कारण एकदा जोराने ब्रेक लागला की मूल कुठे जाऊन आदळेल ते सांगता येत नाही.

मागची सीट किती मऊ! तिथे बसले की आपण दिवाणखान्यातच आहोत असे वाटते आणि पट्टा लावायचे सुचत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी आपल्याच महाराष्ट्रात, पालघर जिल्ह्यात, सूर्या नदीच्या पुलावर अपघात होऊन उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते उंची गाडीत मागे बसले होते, आणि मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते असे पोलिसांनी सांगितले. कायद्याने मागच्यांनाही पट्टा आहे. आणि सीट अगदी आडवी करून झोपले तर पट्टा लावूनही उपयोग होत नाही. तो कमरेच्या हाडावर राहत नाही, पोटावर येतो. गाडी चालू असताना सीट बसती ठेवावी.

एसीविषयी दोन गोष्टी. बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवून एसीत कधी झोपू नये. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही, झोपलेल्याला जागही येत नाही. दुसरे, आतलीच हवा फिरवण्याचे बटण लांबच्या प्रवासात सतत दाबून ठेवू नये. चार-पाच माणसांच्या श्वासाने हवा कोंदते आणि चालवणाऱ्याला पेंग येते. मधून मधून बाहेरची हवा घ्यावी.

आता थोडे निगेविषयी, म्हणजे आपल्या हातच्या कामाविषयी. सीटचे कातडे मऊ ओलसर फडक्याने पुसावे आणि लगेच कोरडे करावे. सोडा, कपड्यांचा साबण, खोबरेल यांतले काही लावू नये. भोकांच्या सीटवर पाणी ओतू नये, आत पंखा आणि तारा असतात. गरम होणाऱ्या सीटवर गुडघा रोवून मागचे सामान काढू नये, आतली तार तुटते. चादर घट्ट बसावी म्हणून मी सेफ्टी पिना टोचल्या होत्या, त्या भाऊजींनी हसत हसत काढून माझ्या हातात दिल्या. सीटच्या कडेला हवेची पिशवी असते, तिच्यावर भलतेच कव्हर शिवून चढवू नये, वेळेला ती उघडणार नाही. काचेच्या छपराच्या कोपऱ्यांत पाणी वाहून जायच्या बारीक नळ्या असतात, त्या पावसाळ्यापूर्वी साफ करून घ्याव्या, नाही तर पाणी आत येते. एसीची जाळी आमच्याकडच्या धुळीत वर्षातून दोनदा बदलावी लागते. मुक्कामाजवळ आलो की गारवा बंद करून नुसता पंखा थोडा वेळ चालू ठेवावा, म्हणजे आत ओल राहत नाही आणि कुबट वास येत नाही. अत्तराच्या फवाऱ्याचे डबे, लायटर आणि देवासमोरचा कापूर उन्हातल्या गाडीत ठेवू नये.

पुष्कळजणी म्हणतील, आमच्याकडे कुठे अशी गाडी! पण मुलांच्या, जावयाच्या, भाड्याच्या गाडीत बसायचे प्रसंग आपल्यावर येतात. आणि विजेची गादी, गरम पाण्याची पिशवी, पाय शेकायचे यंत्र तर घरोघरी आले आहे. त्या सर्वांना हाच नियम लागू आहे.

चैत्रात आम्ही वणीच्या देवीला गेलो. सासूबाई पुढेच बसल्या, अंगावर शाल. मी मागून दर थोड्या वेळाने विचारीत होते, "आई, पाठ कशी आहे? पायाला काही लागत नाही ना?" शेवटी त्या वैतागून म्हणाल्या, "अगं, बरी आहे मी. किती विचारशील!" भाऊजी गाडी चालवता चालवता हसले. मला त्या रागावण्याचे बरेच वाटले.