चैतन्य एक की अनेक?

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



विषय निवडण्याची मोकळीक चिटणीसांनी आम्हांस दिली खरी, परंतु आमचा विषय ऐकताच त्यांचा चेहरा किंचित उतरला. विद्यार्थ्यांचा गुणगौरव आणि वधूवरांची सूची यांच्यामध्ये हा वेदान्त कोठून आला, असे त्यांस वाटले असावे. तथापि हा प्रश्न केवळ मठातल्या पंडितांचा नव्हे. मुंगी, म्हैस, मनुष्य यांच्या ठायी जे जाणणारे आहे ते सर्वत्र एकच आहे, की जितके देह तितके जाणणारे? आपल्या मंडळाच्या कारभाराशीही याचा संबंध पोहोचतो. तो यथावकाश सांगू.

या प्रश्नाची दोन परस्परविरुद्ध उत्तरे आपल्या करवीर नगरीत शतकानुशतके शेजारी शेजारी नांदत आली आहेत. येथे शंकराचार्यांचे पीठ आहे. त्यांच्या मते चैतन्य एकच. घट अनेक असले तरी आतील आकाश जसे वेगळे नसते, तद्वत् देह अनेक असूनही आत्मा एकच. येथेच जैनांचा लक्ष्मीसेन मठ आहे. जैन दर्शन म्हणते की जीव अनंत आहेत, प्रत्येक जीव स्वतंत्र आहे, आणि मुक्तीनंतरही तो दुसऱ्यात मिसळून जात नाही.

सांख्यांनी अनेकत्वाच्या बाजूने जो युक्तिवाद केला तो शाळेतील मुलासही समजावा इतका सरळ आहे. पुरुष, म्हणजे जाणणारा, एकच असता तर एकाच्या जन्माबरोबर सर्व जन्मले असते, एकाच्या मृत्यूने सर्व मेले असते, आणि एक आंधळा होताच सारे जग आंधळे झाले असते. आम्ही आयुष्यभर वर्गात उभे राहिलो. पहिल्या बाकावरील मुलास त्रैराशिक उमगले म्हणजे शेवटच्या बाकावरील मुलासही ते आपोआप उमगले, असा चमत्कार एकदाही घडला नाही. घडता, तर निम्मे शिक्षक घरी बसते!

अद्वैती यावर निरुत्तर होत नाहीत. ते म्हणतात, आंधळेपण डोळ्याचे, जन्ममृत्यू देहाचे, गणित न उमगणे बुद्धीचे. चैतन्याला यांतले काहीच चिकटत नाही. गाढ झोपेत ‘मी’ आणि ‘तू’ हा भेद कोठे असतो, असेही ते विचारतात. उत्तर चतुर आहे, परंतु आमचे समाधान त्याने होत नाही. दुःख मनाचे, आठवण मनाची, सुख मनाचे असे म्हणत म्हणत सर्व काही मनाच्या पदरात टाकले, तर वाटून घेण्यासारखे त्या चैतन्यात उरले काय? शेजाऱ्याच्या पोटातील कळ आम्हांस कळत नाही, त्याच्या मुलाच्या मृत्यूने आमचे अन्न कडू होत नाही, आणि तरीही आमच्या दोघांत जाणणारा एकच आहे, हे विधान खोटे नसेलही. ते पोकळ मात्र वाटते.

ज्ञानेश्वर महाराजांविषयीच्या पैठणच्या आख्यायिकेचे सामर्थ्य आम्हांस येथे दिसते. रेड्याच्या पाठीवर आसूड ओढला आणि वळ उठले ते ज्ञानेश्वरांच्या पाठीवर. कथेचा ऐतिहासिक खरेपणा आम्ही मोजीत नाही. परंतु ज्याने ती प्रथम सांगितली त्याला नेमके ठाऊक होते की, एकत्व खरे मानावयाचे तर पुरावा घटाच्या दृष्टान्ताचा चालत नाही, वळच लागतो.

आधुनिक विज्ञानाचा कौल कोणाकडे? एर्विन श्रोडिंजर या थोर पदार्थवैज्ञानिकाने १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘व्हॉट इज लाइफ?’ या पुस्तकाच्या उपसंहारात उपनिषदांचा आदराने उल्लेख करून चैतन्य एकच असल्याचा पक्ष घेतला. आपल्याकडील वक्ते हे मोठ्या अभिमानाने सांगतात. पण तो त्यांचा वैयक्तिक चिंतनाचा भाग होता, प्रयोगाचा निष्कर्ष नव्हे, हे सांगावयाचे राहून जाते. उलट प्रयोगांनी अनेकत्ववाद्यांनाही अडचणीत टाकले आहे. अपस्माराच्या काही असाध्य रोग्यांच्या मेंदूचे दोन अर्ध जोडणारा तंतूंचा जुडगा शस्त्रक्रियेने तोडण्यात आला, तेव्हा एका अर्धाला दाखविलेली वस्तू दुसऱ्या अर्धाला सांगता येईना. या संशोधनाबद्दल रॉजर स्पेरी यांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. एका कवटीत आता दोन जाणिवा आहेत, असे त्यांचे मत होते. ते सर्वांस मान्य नाही. पण सुरीने जर एकाचे दोन होत असतील, तर ‘जितके देह तितके जाणणारे’ हा हिशेबही वाटतो तितका सोपा राहत नाही.

आमचा कल तरीही सांख्यांकडे आहे. कारण सांगतो. त्रिपुरी पौर्णिमेस पहाटे पंचगंगेच्या घाटावर आपण सारे जातो. पाण्यात चंद्र हजार ठिकाणी चमकतो आणि पायऱ्यांवर हजारो पणत्या तेवत असतात. पाण्यातील हजार चंद्र हा अद्वैत्यांचा दृष्टान्त. खरा चंद्र एक, बाकी प्रतिबिंबे. पणत्यांचे तसे नाही. एका ज्योतीवर दुसरी लावता येते, दोहोंचा प्रकाश एकाच प्रकारचा, पण एक विझली तर ती विझलीच. शेजारची तेवते म्हणून तिचे नुकसान भरून निघत नाही. सांख्यांच्या सूत्रांत असे सांगितले आहे की, श्रुती जेथे आत्मा एक म्हणते तेथे ती संख्येविषयी बोलत नाही, जातीविषयी बोलते. म्हणजे जाणणारे अनेक, परंतु सर्वांची जात एक! ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावरून हे वाक्य उच्चारताना आम्हांस मोठी मौज वाटते.

आता मंडळाचा संबंध. एकत्वाचे तत्त्वज्ञान मान्य असले म्हणजे आचरण सुधारते, असा अनुभव या गावचा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पंचगंगेच्या स्नानाच्या वेळी प्रत्यक्ष छत्रपती शाहू महाराजांसाठी पुराणोक्त मंत्र म्हटले जात असल्याचे उघड झाले, आणि वेदोक्ताचे प्रकरण पेटले. वेदोक्तास विरोध करणाऱ्यांच्या पाठांतरात अद्वैत नव्हते असे कोण म्हणेल? आणि बोट दुसऱ्याकडेच का दाखवावे? उन्हातून आलेल्या माणसाच्या ओंजळीत हातभर उंचीवरून पाणी ओतणारे हात आपल्याही घराघरांत होते, आणि त्याच घरांत संध्याकाळी हरिपाठ होत असे.

महाराजांनी मंत्रांपाशी न थांबता वसतिगृहांना हात घातला. १९०१ साली मराठा आणि जैन विद्यार्थ्यांची, १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस् क्लार्क यांच्या नावाचे, अशी एकामागून एक वसतिगृहे त्यांच्या आश्रयाने उभी राहिली. ज्ञातवार वसतिगृहे त्या काळची गरज होती. खेड्यातील मुलास शहरात दोन घास आणि अंथरूण द्यावयाचे तर प्रथम त्याच्या ज्ञातीनेच पुढे यावे, हे व्यवहाराला धरून होते.

आज आपल्या वसतिगृहात काही खोल्या रिकाम्या आहेत आणि दारात अन्य ज्ञातींचे अर्ज आहेत. त्यांतील काही जागा अशा मुलांस द्याव्यात, असा ठराव दुपारच्या सर्वसाधारण सभेपुढे येत आहे. ज्येष्ठ सभासदांपैकी काहींचे म्हणणे असे की, देणगीदारांनी पैसा आपल्या मुलांसाठी दिला होता. हे म्हणणे क्षुल्लक नाही. देणगीपत्रे वाचूनच निर्णय झाला पाहिजे, आणि ज्या खोल्यांना तशी अट आहे त्या वगळाव्यात. परंतु ‘ती मुले आपली नव्हेत’ एवढ्याच आधारावर कोणी विरोध करणार असेल, तर त्याने जाणणाऱ्याची जात कोणती ते आधी सांगावे.

ठरावावर सूचक म्हणून आमची सही आहे. अनुमोदकाची जागा हा मजकूर लिहीपर्यंत रिकामी होती.